जिभेची साक्ष

“थुंकू नकोस, योंग. गिळ. थुंकलीस तर रस पुन्हा तुझ्याशी बोलायचा नाही.”

हा आवाज प्रयोंगच्या आईचा. धुराने घोगरा झालेला, तरी मायेने ओला. तेव्हा प्रयोंगचं डोकं काहिलीच्या काठापर्यंतही पोचत नव्हतं. आई डावाने ताडाचा रस उचलायची, फुंकर घालून निववायची आणि लेकीच्या जिभेवर थेंब ठेवायची. आजचा रस कुठल्या ताडाचा, काल दव पडलं की वारा सुटला होता, फुलोऱ्याची पोय कोवळी आहे की सरत आली, ते सगळं त्या थेंबाला विचारायचं आणि मग गिळायचं. झाडाने दिलेलं दूध तोंडात घेऊन बाहेर टाकायचं नाही, हा त्या घराचा नेम. गूळ घोटताना आई गुणगुणायची:

ताड माझा उंच दादा, ढगांशी बोलतो
बहिणीच्या काहिलीत गं, गोडवा सोडतो

आई गेली. ती काहील झिजून फुटली, चुलवण पाडून नवं बांधलं. आवाज मात्र तसाच राहिला. रोज सकाळी जाळ धरला, रसावर वाफ चढली, की तो प्रयोंगच्या कानात उठायचा आणि तिचा हात आपोआप डावाकडे जायचा.

त्या सकाळीही गेला. तिने फुंकर घातली, थेंब जिभेवर घेतला आणि थबकली. पुन्हा घेतला. तोंडात कोमट पाणी होतं. रस आंबू नये म्हणून नळकांड्यात लाकडाच्या ढलप्या टाकतात, त्यांचा तेवढा तुरटपणा लागत होता. बाकी काही नाही.

चुआ शेवटची नळकांडी खांद्यावरून उतरवत होता. प्रयोंगच्या नवऱ्याचा, थनोमचा, हा लहानपणापासूनचा सोबती. दोघे मिळून ताडावर चढायचे. थनोम गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन चुआ थनोमच्या वाटचेही ताड चढला. तेव्हापासून तोच चढत होता. बांबूच्या शिडीवरून सकाळी वर, संध्याकाळी पुन्हा वर. पोय लाकडी चिमट्यात धरून दाबायची, टोकाला कोयत्याने कागदासारखा पातळ काप घ्यायचा, खाली नळकांडं बांधायचं. उतरलेला रस प्रयोंगच्या काहिलीत, झालेला गूळ दोघांत.

अंगणात लमदुआनची पिकअपही उभी होती. लमदुआन म्हणजे आमच्या भागातला गूळ उचलणारी व्यापारीण. बँकॉकच्या मिठाईवाल्यांना ती “प्रयोंगच्या जिभेचा गूळ” म्हणून डबे द्यायची आणि ते डोळे मिटून घ्यायचे. त्या दिवशी ती दोन बायकांना घेऊन डबे चढवत होती.

“चुआदादा,” प्रयोंग म्हणाली, “रसात पाणी आहे.”

चुआला ती चेष्टाच वाटली. “ताडाला विचार. काल जरा जास्त प्यायला असेल.”

“चेष्टा नाही. पाणी आहे.”

लमदुआनच्या हातातला डबा अर्ध्यावरच थांबला. आमच्या ताडांच्या मुलखात माणसाला दारुडा म्हणा, आळशी म्हणा, तो हसेल नाही तर भांडेल आणि विसरेल. पण रसात पाणी घालणारा, हा शब्द एकदा अंगाला चिकटला की चितेपर्यंत सोबत येतो. आणि ज्या चुलवणावर रस उतरला तिथल्या बाईच्या जिभेचा शब्द शेवटचा. त्यावर दुसऱ्याने थेंब चाखून बघायचा नसतो. चढणाऱ्याने तर नाहीच.

चुआने चाखायला मागितलं नाही.  प्रयोंगने रागाच्या भरात काहिलीचा कान धरला आणि उपड्या झालेल्या काहिलीतून वाफाळता रस अंगणभर पसरला. मग चुआने खांद्यावरची नळकांडीही त्याच ओल्यावर शांतपणे रिती केली.

“आता जमिनीला चाखू दे,” तो म्हणाला आणि कोयता कमरेला अडकवून चालता झाला.

दुपारी तिथे मुंग्यांचा काळा गालिचा अंथरला गेला. सून दाराशी उभी राहून बघत होती. ती म्हणाली, आई, पाण्याला एवढ्या मुंग्या लागतात का. प्रयोंग म्हणाली, मुंग्यांना काय कळतंय, आणि तोंड फिरवून आत गेली.

*

साखरेचा आजार प्रयोंगच्या घरात नवा नव्हता. थनोम त्यानेच गेला. टाचेला काटा काय लागला, जखम भरेना, बोटं काळी पडली, मग पाय, मग माणूसच. त्याने आयुष्यभर गोळ्या उशाखाली लपवल्या आणि रस मात्र नळकांड्यानेच प्यायला. प्रयोंगला गेल्या वर्षी तोच आजार निघाला तेव्हा ती रडली नाही. तिने तालुक्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरला सरळ विचारलं, किती दिवस पायावर उभी राहीन ते सांगा, बाकीचं मला नको.

डॉक्टर मवाळ होता. त्याने गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं आणि काहिलीतलं चाखणं बंद करा म्हणाला. ती म्हणाली, ते जमायचं नाही. तो म्हणाला, मग चाखा आणि थुंकून टाका.

“माझी आई मेली आहे, डॉक्टर,” प्रयोंग म्हणाली, “पण ती ऐकते.”

तो हसला. चिडला नाही. त्याने तिला इस्पितळाच्या मागच्या बाजूच्या वनौषधी विभागात पाठवलं. तिथे नरुमोन नावाची वैद्यबाई होती. सडपातळ, सावळी, बोलताना हातातली पानं निवडत राहणारी. तिने प्रयोंगला काढा नेमून दिला: तामणाची जून पानं, सागाची पानं आणि तेयच्या मुळ्या. तेय हे केवड्याच्या जातीचं झुडूप, त्याची पानं भाताला सुवास देतात, मुळ्या औषधाला जातात. शिवाय जेवणात रानकारली आणि तोंडलीच्या वेलाचा पाला. निघताना तिने एकच गोष्ट ठासून सांगितली: काढा गोळ्यांच्या जोडीला आहे, गोळ्यांच्या जागी नाही. गोळ्या सोडल्यात तर काढा परत मागेन.

घरी काढ्याचं मडकं पडवीत शिजायचं. परक्या हाताने औषधात काही मिसळू नये म्हणून त्याच्या तोंडावर बांबूच्या पट्ट्यांची चांदणी खोचलेली असायची. आणि कुंपणावर सुनेचा वेल होता.

सुनेचं नाव खामपेंग. प्रयोंगचा मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, दक्षिणेकडे गेला की आठवडे यायचा नाही. उत्तरेतल्या डोंगराळ गावातून त्याने ही बायको आणली. ती येताना एक पेटी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली वेलाची काडी घेऊन आली होती. गुडमारीच्या जातीचा तो वेल. तिच्या माहेरी त्याच्या पाल्याचं सुक्या मासळीबरोबर कालवण करतात. प्रयोंगने आधी नाक मुरडलं, हे काय जनावरांचं खाणं आणलंस म्हणाली. मग साखर निघाली तेव्हा खामपेंगने सांगितलं, आमच्याकडे साखरेवर हाच देतात, आणि प्रयोंग गपचूप वाटी पुढे करू लागली. या मोसमाच्या तोंडाशी वेलाला कोवळी लुसलुशीत फूट आली, तशी खामपेंग तो पाला सकाळी कच्चाच देऊ लागली. भाजलेल्या हिरव्या मिरचीचा ठेचा, चिकट भाताची मूठ आणि मूठभर पाला. किंचित कडसर आणि कुरकुरीत. प्रयोंगला तो इतका आवडू लागला की अलीकडे ती चुलवणाकडे जाताना एखादं पान चघळतच जायची.

*

चुआ गेला आणि ताड उभेच्या उभे राहिले. ताडाचं असं असतं की पोय रोज तासली नाही तर ती रुसते. टोकाला खपली धरते, मग सुकते, आणि तो मोसम हातचा जातो. प्रयोंग खाली उभी राहून मान वर करून बघायची. वाऱ्यावर रिकामी नळकांडी एकमेकांवर आपटायची.

लमदुआनने गोष्ट रस्त्याला लावलीच होती. चुआला दुसरीकडे ताड मिळेनात. कुणी तोंडावर काही म्हणत नव्हतं, फक्त म्हणायचं, यंदा आमचे आम्हीच चढतो. मुलाचा फोन आला. त्याच्याही कानावर गेलं होतं. आई, आता चूल बंद कर, ताड भाड्याने देऊन टाक, साखर आहे तुला, किती दिवस ओढणार.

“आधी मला भाड्याने दे,” प्रयोंग म्हणाली, “कुणी घेतलं तर ताडांचं बघू.”

तिने शेजारच्या घरून रस आणवला. काहील भरली, जाळ धरला, पानाचा चोथा कोपऱ्यात टाकून ती डावाने पहिला थेंब जिभेवर घेऊन उभी राहिली.

पाणी.

तिने डाव ठेवला. घरात गेली आणि फळीवरच्या बरणीतून मागच्या मोसमाचा, स्वतःच्या हातचा गूळ काढला. तोंडात खडा टाकला. तो विरघळत होता, पण वाळू विरघळावी तसा.  शेजारच्यांनी पाणी घातलं नव्हतं. चुआनेही घातलं नव्हतं. मेली होती ती जीभ. थनोमची बोटं मेली तशी तिची जीभ आधी मेली होती.

बाहेर रस फसफसून वर येत होता. तिने धावत जाऊन, तो उतू जाऊ नये म्हणून, त्यावर बांबूचं कडं बसवलं आणि काम करू लागली, कारण काम थांबवलं असतं तर खाली बसावं लागलं असतं. मोठे बुडबुडे बारीक होऊ लागले की जाळ ओढायचा. डावातून धार तुटेनाशी झाली की उतरवायचं. घोटताना मनगटाला ओढ लागली, काहिलीतला आवाज पाण्यासारखा न येता चिखलासारखा येऊ लागला, की डबे पुढे घ्यायचे. हे सगळं तिला येतच होतं. आजवर जीभ पुढे चालायची, डोळे आणि कान मागून यायचे. त्या दिवशी ते एकटेच चालले.

गूळ उत्तम उतरला. लमदुआनने कोपरा मोडून तोंडात टाकला आणि मान डोलावली.

“बघा ताई,” ती म्हणाली, “रस इमानदार असला की गूळ कसा उतरतो.”

प्रयोंग डब्याचं झाकण दाबत राहिली.

*

नरुमोनला तिने स्वतःचं म्हणून सांगितलं नाही. काढा घ्यायला गेली तेव्हा सहज बोलल्यासारखं म्हणाली, आमच्या बाजूला एक बाई आहे, गूळ करते, तिची जीभ मेली आहे. गोड कळत नाही.

नरुमोन तामणाची पानं निवडत होती. “आंबट कळतं तिला?”

“कळतं. जरा जास्तच.”

“ती बाई सकाळी काय खाते?”

प्रयोंगने सांगितलं. पाल्याचं नाव आलं तेव्हा नरुमोनचा हात थांबला. ती उठून बागेतल्या वाफ्यातून एक पान घेऊन आली आणि म्हणाली, चावा. नीट, सगळीकडे फिरवून. प्रयोंगने चावलं. मग नरुमोनने चहाच्या डब्यातली चिमूटभर साखर तिच्या तळहातावर ठेवली.

“काय लागतं?”

“वाळू,” प्रयोंग म्हणाली आणि तिच्याकडे टक लावून बघू लागली.

नरुमोनने तिला बाकावर बसवलं आणि पानं निवडायला लावलं. ऊन बाकाच्या एका पायावरून दुसऱ्यावर गेलं. मग तिने पुन्हा चिमूटभर साखर दिली. या वेळी ती गोड लागली. इतकी गोड की प्रयोंगच्या कानामागे शहारा आला आणि तिला मान वळवून भिंतीकडे बघावं लागलं.

“त्या बाईला सांगा,” नरुमोन म्हणाली, “जीभ मेलेली नाही. कच्चा पाला तिला झोपवतो, थोड्या वेळाने ती उठते. शिजवला तर एवढं करत नाही. चुलवणापुढे जीभ जागी हवी असेल तर पाला संध्याकाळी खा म्हणावं. पण मग सकाळी बोट किती वेळा काहिलीत जाईल, ते त्या बाईलाच ठाऊक.”

प्रयोंगलाच ठाऊक होतं. एक थेंब रसाचा, एक पाकाचा, एक घोटताना, एक डब्याच्या काठावरचा, एक उगाच. गोड लागत नाही हे कळल्यापासून तिचं बोट काहिलीत गेलंच नव्हतं.

मागच्या तपासणीत तिची साखर उतरलेली निघाली होती. तिने विचारलं, माझी साखर उतरली ती पाल्याने का. नरुमोन म्हणाली, गोळ्या आहेत, काढा आहे, पाला आहे, आणि तुमचं चाखणं थांबलं आहे. यातलं कुणी किती उतरवलं ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. चालू ठेवा, रक्त तपासत राहा.

घरी येऊन प्रयोंग थेट कुंपणाशी गेली. हातात विळा होता. खामपेंग वाळत घातलेले कपडे काढत होती. विळा बघून ती जागची हलली नाही.

“तुला माहीत होतं,” प्रयोंग म्हणाली.

“काय?”

“पाल्याने गोड मरतं ते.”

“आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आई. आम्ही लहानपणी एकमेकांना पाला चारून मग मध द्यायचो आणि तोंडं बघून हसायचो.” मग तिच्या लक्षात आलं. हातातला सदरा तसाच राहिला. “तुम्ही खाऊन लगेच काहिलीला जीभ लावता? मला कुठे ठाऊक. आमच्या गावात गूळ कोण करतं.”

प्रयोंगने वेलाचा बुंधा मुठीत धरला. कोवळा होता, एका झटक्यात आला असता.

“कापायचा तर कापा,” खामपेंग म्हणाली. “पण बाबांचा पाय मी धुतला नाही, तुम्ही धुतलात. तुमचाही मी धुणार नाही. आधीच सांगून ठेवते.”

असं या घरात कुणी प्रयोंगशी बोललं नव्हतं. तिने विळा खाली केला. रागाने म्हणाली, जीभ फार चालते तुझी. खामपेंग म्हणाली, घरात एकीची तरी चालायला हवी. दोघींनाही हसू आलं आणि दोघींनीही ते दाखवलं नाही. मग खामपेंगने सदऱ्याची घडी घालत, वर न बघता विचारलं, चुआकाकांकडे कधी जाताय?

*

चुआ आपल्या घराखाली, लाकडी खांबांच्या सावलीत बसला होता. शिडीच्या खुंट्या एक एक उपटून बाजूला रचत होता. शेजारी पिवळं कुत्रं झोपलेलं. प्रयोंगने आणलेली भाताची पुडी खांबाशी ठेवली. त्याने तिकडे पाहिलं नाही.

“ताड वाट बघताहेत, दादा.”

“ताडांना डोळे नसतात.”

“पोयी सुकायला लागल्यात.”

“सुकणारच.”

“मग या.”

चुआने एक खुंटी उपटली, तिच्यावरची माती अंगठ्याने पुसली. “रसात पाणी होतं ना, योंग?”

तिला सांगायचं होतं. वाटभर तिने ते शब्द ओठांत जुळवत आणले होते. पण ते बोलले की त्यांच्यामागून दुसरे येणार होते. गुळवीण चाखल्याशिवाय गूळ करते. प्रयोंगच्या जिभेचा गूळ म्हणून जो जातो त्याला प्रयोंगची जीभ लागलेलीच नसते. पाला सोडायचा नाही हे तिने ठरवून टाकलं होतं. पायांवर उभं राहायचं तर जीभ झोपलेलीच बरी. मग हे असंच झाकून चालवता आलं असतं. चुआने फक्त काही न विचारता परत यायचं होतं.

“होतं तर पाणी घालणाऱ्याला कशाला बोलावतेस,” चुआ म्हणाला. “आणि नव्हतं तर ते इथे माझ्या कुत्र्याला ऐकवू नकोस. चारचौघांत म्हणालीस. चारचौघांत सांग.”

“दादा...”

“उद्यापासून लमदुआनच्या शेडवर डबे उचलायला जातोय. झाकण लावलेल्या डब्यात काही घालता येत नाही म्हणे. तिला बरं, मलाही बरं.”

तो हसला, आणि ते हसू बघवेना म्हणून प्रयोंग उठली. या माणसाने थनोमची तिरडी खांद्यावर घेतली होती. याच खांद्यावर आता दुसऱ्यांच्या गुळाचे डबे. परतताना बांधावर ती थांबली. दूरवर तिचे ताड आभाळाला टेकलेले होते, आणि एकाही ताडाला शिडी लागलेली नव्हती. उंच आणि निरुपयोगी. तिला स्वतःची चीड आली, आणि चीड आल्यावर तिला बरं वाटलं. ती चालू लागली ती पुढे थांबलीच नाही.

*

सकाळी तिने पाला खाल्ला, मिरचीशी, भाताशी, नीट चावून. मग शेजारच्या रसाचा गूळ केला. तो डबा आणि केळीच्या पानात बांधलेली पाल्याची जुडी घेऊन ती लमदुआनच्या शेडवर गेली. खामपेंग मागून आली. नको म्हटलं तरी आली.

शेडमध्ये गुळाच्या वासाने हवा जड झाली होती. चार-पाच घरच्या गुळविणी उपड्या डब्यांवर बसून पान जमवत गप्पा मारत होत्या. चुआ डबे नेऊन पिकअपमध्ये लावत होता. तो आत-बाहेर करताना बायका बोलायच्या थांबत, तो गेला की पुन्हा सुरू होत. लमदुआनने प्रयोंगला बघून स्टूल पुढे केलं.

प्रयोंग बसली नाही. तिने जुडी सोडली आणि एक पान लमदुआनच्या हातावर ठेवलं.

“चाव.”

“हे काय, ताई? काढा का?”

“चाव म्हणते ना.”

बायका हसल्या. एक म्हणाली, सुपारी परवडेनाशी झाली वाटतं प्रयोंगला. प्रयोंगने तिच्याही हातावर पान ठेवलं. मग सगळ्यांच्याच. कुतूहल माणसाला कुठलीही पानं खायला लावतं. सगळ्यांनी तोंडं वाकडी करत चावलं. चघळून झाल्यावर प्रयोंगने लमदुआनच्या ढिगातला सगळ्यात चांगला डबा उघडला, जो बँकॉकला जायचा होता, आणि प्रत्येकीला एकेक खडा मोडून दिला.

लमदुआनचा जबडा हलायचा थांबला. तिने खडा तोंडातून काढून बघितला. पुन्हा ठेवला. “यात काय घातलंय? हा गूळ नाही.”

“दुसऱ्या डब्यातला खा.”

तिने दुसऱ्यातला खाल्ला. मग तिसऱ्यातला. मघाची सुपारीवाली स्वतःच्याच डब्यातला खडा चोखत म्हणाली, मातीचं ढेकूळ आहे हे, माझ्या हातचं मातीचं ढेकूळ. एक म्हातारी पोट धरून हसू लागली: म्हणजे इतकी वर्षं आपण सगळ्यांनी पाणीच विकलं म्हणा की. हसणं शेडभर पसरलं आणि मग हळूहळू, एकेकीच्या तोंडावरून, ओसरलं. कारण एकेकीला कळत गेलं.

“मी सकाळी हा पाला खाऊन काहिलीपाशी जाते,” प्रयोंग म्हणाली. “साखरेसाठी खाते. गोड काही वेळ कळत नाही. त्या दिवशीही खाल्ला होता.”

 चुआ दाराशी उभा होता, खांद्यावर डबा.

लमदुआनने हाताच्या पाठीने जीभ पुसल्यासारखं केलं. “आता कळलं ना ताई, मग झालं. आता सोडून द्या तो पाला. नाही तर संध्याकाळी खात जा.”

“सोडणार नाही. सकाळचाच खाणार.”

“मग गूळ कसा करणार?”

“हा आता आणला तो कसा केला? मागच्या वेळी तू मान डोलावलीस तो कसा केला? जीभ झोपलेली होती तेव्हाच केला. डोळे आहेत, कान आहेत, मनगट आहे. आईने थुंकायचं नाही शिकवलं, मी थुंकत नाही. मी चाखतच नाही.” तिचा आवाज चढला नाही, पण शेडच्या पत्र्यापर्यंत गेला. “थनोमची बोटं एकेक करून गेलेली तू पाहिलीस, लमदुआन. भेटायला आली होतीस, नाकाला रुमाल लावून. माझे पाय मला हवेत. माझ्या नावाने गूळ विकायचा तर झोपलेल्या जिभेच्या बाईचा म्हणून वीक. नसेल विकायचा तर नको विकू. चूल माझी आहे, ती मी विझवणार नाही.”

“ताई, बँकॉकवाले ऐकणार नाहीत.”

“त्यांना पाला पाठव.”

म्हातारी पुन्हा हसली. खामपेंगने तोंडावर हात धरला. लमदुआन काही तरी बोलणार होती, पण प्रयोंग तिच्याकडे पाठ करून दाराकडे वळली होती. ती चुआसमोर जाऊन उभी राहिली. मघा तिच्या अंगात जे उभं होतं ते इथे येऊन बसलं, आणि तिचे हात लुंगीच्या काठाशी चाळा करू लागले.

बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. चुआने डबा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

“डबा जड आहे, योंग,” तो म्हणाला. “बोलायचं ते लवकर बोल.”

प्रयोंगने मान वर केली.

“तुमच्या रसात पाणी नव्हतं, दादा. जीभ चुकली, ती पाल्याने चुकली. पण शेजारच्या रसाचा पहिला थेंब तोंडात घेतला तेव्हाच मला ते कळलं होतं. तिथून पुढे जे गप्प बसणं झालं, ते पाल्याने नाही झालं. ते मी केलं.”